भाऊसाहेबांचा वर्ग

मुंबई-पुण्यात कंपन्यांच्या साहेबांना नेतृत्व शिकवायला कोच असतात आणि ते तासाचे पैसे घेतात. जिंतुरात हे काम पंचायत समितीजवळच्या टपरीवर चालतं; फी तासाला दोन चहा. कोच म्हणजे एक निवृत्त ग्रामसेवक. नोकरी संपली, पण तालुका अजून त्यांना 'भाऊसाहेब'च म्हणतो.

अंगावरचा गुलाल निघायच्या आत नवा सरपंच त्यांच्यासमोर हजर होतो. पुण्याच्या 'यशदा'चं प्रशिक्षण होईल तेव्हा होईल, यांचा वर्ग लगेच भरतो.

पहिला धडा तोंडाचा. "येलदरीचे दरवाजे पाह्यलेत ना? पाणी आलं की लगेच उघडतेत का? आधी इशारा, मग फूटभर. तोंड तसं उघडायचं."

दुसरा धडा डिजिटल सहीचा. "मोटारसायकलची किल्ली द्या, घराची द्या. डोंगल सख्ख्या भावालाबी द्यायचं नाही."

तिसरा ग्रामसभेचा. "15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, जे कमी असंल तेवढा कोरम. नाही भरला की सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग घाई कशाला करायची?"

चौथा त्यांचा लाडका. "तोंडी कुणाला काही सांगायचं नाही. लेखी द्या, पोच घ्या."

2011 साली राज्यात महिलांचं आरक्षण 50 टक्क्यांवर गेलं, तरी वर्गात पुरुषच राहिले. निवडून आलेली बाई सोयाबीनच्या खळ्यावर आणि नवरा टपरीवर वही उघडून. भाऊसाहेबही त्याला 'सरपंच' म्हणत आणि तोही 'ओ' देई.

परवा मात्र एक सरपंचबाई स्वतः आल्या. हातात 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम, पानापानांत खुणेच्या चिठ्ठ्या.

"या ताई. साहेब नाही आले?"

"ते खळ्यावर हायेत. भाऊसाहेब, आमच्या गावाला तुम्हीच होता ना? तुमच्या वेळची पाणीपट्टीची पावतीपुस्तकं चार्जाच्या यादीत दिसत नाहीत."

भाऊसाहेबांनी येलदरीचा धडा आठवून तोंड फूटभरही उघडलं नाही. मग म्हणाले, "असं तोंडी विचारून चालत नसतं, ताई."

ताईंनी पिशवीतून कागद काढला. भाऊसाहेबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. जावक क्रमांक होता, विषय होता, संदर्भ होता, सात दिवसांची मुदत होती. बोट ठेवायला जागा नव्हती.

"मसुदा झकास हाय," ते नाइलाजानं म्हणाले. "कुणी शिकवला?"

"तुम्हीच. ह्यांच्या वहीत धडा चौथा. आता पोच द्या."