म्युटन्सरावांस अनावृत पत्र

श्रीयुत स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सराव,
मुक्काम दाढेची खाच, लिंबायत, सुरत.

सा. न. वि. वि.

१९२४ साली ब्रिटनमध्ये क्लार्क नावाच्या संशोधकाने किडक्या दातांतून आपणा जिवाणूंना हुडकून काढले. शंभर वर्षे उलटली, तरी सुरतेत आपला साधा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम झाला नाही, याची आम्हा इथल्या मराठी मंडळींना लाज वाटते. महाराजांनी सुरत दोनदा लुटली, १६६४ आणि १६७० साली. त्याला फौज लागली. आपण दिवसातून कितीदा लुटता, आणि रसद आम्हीच पुरवतो!

मुद्देमालही काही ऐरागैरा नाही. दाताचे दंतवल्क, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. शरीरात त्याहून कठीण काही नाही. तरी दाढेच्या टोकावर त्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास, बाजूंना त्याहून कमी. कायमच्या पहिल्या दाढेवर दंतवल्क घडवण्याचे काम मूल जन्मते त्या सुमारास सुरू होते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत चालते. घडवणाऱ्या पेशी रोज मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच थर चढवतात. सहाव्या वर्षी दाढ हिरडीबाहेर येते आणि त्या पेशी संपतात. मोडलेले हाड सांधते. इथे डागडुजीला बोलवायला कारागीरच उरत नाही. आपण हे बरोबर हेरलेत.

आमच्या वराछ्यात हिऱ्याला पैलू पाडतात. दहापट भिंगातून पाहून केसाएवढा डागही सोडत नाहीत. पैलू पाडणाऱ्याच्या स्वतःच्या दाढेवर खडूसारखा पांढरा ठिपका महिनोन्‌महिने बसलेला असतो, त्याला मात्र कुणी भिंग लावत नाही. खरे तर तेव्हाच आपल्याला हुसकता येते. भोक पडलेले नसते, लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट झीज भरून काढू शकतात. पुढे आपण खालच्या मऊ दंतिनात शिरलात की संपले. वरून मोहरीएवढे भोक, आत भुयार. मग रात्री दोनला लवंगेची शोधाशोध.

लोक उगाच घारी या मिठाईवर आळ घेतात. आमच्याकडे कोजागिरीला आटीव दूध आणि दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला घारी, हे कबूल. पण तो वर्षाचा सण. आपली खरी भिस्त कापड मार्केटातल्या अर्ध्या-अर्ध्या कप गोड चहावर आहे, हे आम्ही ओळखून आहोत. साखर पोचताच आपण तिचे लॅक्टिक आम्ल करता. सामू ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळू लागते. तिथे कठीणपणा काही कामाचा नाही. लाळ बिचारी अर्ध्या-पाऊण तासात सारे सावरत आणते, तोवर पुढचा कप येतो. व्यापारात पाहुण्याला चहा नाकारणे बसत नाही, त्यामुळे आपली सोय आपोआप होते.

सत्काराची तारीख कळवतो. व्यासपीठावर मिठाई ठेवूच.

आपला नम्र,
एक दाढदुख्या

ता. क. : झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री दात घासा असे डॉक्टर सांगतात. आम्ही घासतो, पण लगेच खळखळून चार चुळा भरतो. पेस्टमधले फ्लोराइड दातांवर रेंगाळले, तर दंतवल्क आपल्या आम्लाला सहजी दाद देणार नाही. पाहुण्याला एवढा त्रास कसा द्यायचा?