ट्रकच्या पाठीशी खंबीरपणे

ॲव्हरेजरावांना शेजाऱ्याची नवी गाडी दाखवली तर ते रंग बघत नाहीत, सीट दाबून बघत नाहीत, एअरबॅगा किती आहेत हेही विचारत नाहीत. ‘किती देते?’ एवढा एकच प्रश्न त्यांना पुरतो. सोसायटीच्या प्रत्येक पार्किंगमध्ये असे एक तरी ॲव्हरेजराव असतात. त्यांच्या गाडीत एक वही असते आणि तिच्यात टाकी फुल केल्याची तारीख, किलोमीटर, लिटर आणि भागाकार यांच्या नोंदी मुलांच्या लसीकरणाच्या कार्डापेक्षा चोख असतात. टायर गार असतानाच हवा तपासायची, लांबलचक सिग्नलला इंजिन बंद करायचे, डिकीतले नको ते वजन उतरवायचे, हे त्यांचे नित्यनेम. यात हसण्यासारखे काही नाही. हवा कमी असलेला टायर खरोखरच जास्त पेट्रोल खातो. बोरघाट उतरताना मात्र राव गाडी न्यूट्रलला टाकतात, आणि इथे त्यांचे शास्त्र कार्ब्युरेटरच्या जमान्यात अडकलेले दिसते. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर पेट्रोलचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलला मात्र इंजिन नुसते जिवंत ठेवायलाही पेट्रोल जळत राहते, आणि गाडी आवरण्याचा सगळा भार ब्रेकवर पडतो. तरी हे किरकोळच म्हणायचे. रावांची खरी साधना सपाटीवर चालते, आणि ती ट्रकच्या मागे.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लागले की राव ट्रक निवडू लागतात. ही निवड स्थळ बघण्यासारखी असते. टँकर गोल, म्हणून नापसंत. रेतीचा डंपर अंगावर खडे उधळतो, म्हणून बाद. कांद्याच्या ट्रकची पाठ चांगली, पण वास नको. सर्वांत उत्तम तो बंदरातून निघून चाकणकडे जाणारा कंटेनर: पाठ सपाट, उंची भरपूर, वेग संथ आणि एकसारखा. तो सापडला की राव त्याच्या मागे आठ-दहा मीटरवर जाऊन चिकटतात. शेजारच्या सीटवरून ‘अहो, जरा मागे घ्या ना’ असा आवाज येतो. ‘तू घाबरू नकोस, मी बघतोय ना!’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. वास्तविक ते काहीच बघत नसतात. समोर कंटेनरची दोन दारे, मागची नंबरप्लेट आणि ‘अंतर ठेवा’ ही सूचना, एवढेच त्यांचे क्षितिज असते. त्यातली सूचना आपल्यासाठी आहे, असे त्यांना कधीही वाटत नाही.

आता रावांच्या बाजूचे जे आहे ते मान्य केले पाहिजे. ट्रक समोरची हवा फाडत जातो, आणि त्याच्या पाठीमागे कमी दाबाचा, ट्रकबरोबरच ओढला जाणारा हवेचा पट्टा तयार होतो. त्यात शिरलेल्या गाडीच्या नाकावर हवेचा मारा कमी होतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, त्यामुळे महामार्गाच्या वेगाला ही बचत नगण्य राहत नाही. अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने 2007 साली ताशी 88 किलोमीटरच्या आसपास ही गोष्ट प्रत्यक्ष मोजून पाहिली. शंभर फुटांवर 11 टक्के इंधन वाचले, वीस फुटांवर 27, दहा फुटांवर 39. आणखी पुढे सरकून दोन फुटांवर गेल्यावर मात्र बचत वाढण्याऐवजी किंचित घटून 37 वर आली, कारण तेवढे अंतर राखायला चालकाला ॲक्सिलरेटरवर पाय सारखा खाली-वर करावा लागत होता. ही एका गाडीची, मोकळ्या जागेतली चाचणी. पण आकड्यांची दिशा रावांच्याच बाजूची आहे.

पण ज्यांनी आयुष्यभर भागाकार केले त्यांनी इथे गुणाकारही करावा. एक्स्प्रेसवे सुमारे 94 किलोमीटरचा. लिटरला अठरा देणाऱ्या गाडीला तो पार करायला सव्वापाच लिटर लागतात. घाटात ट्रक रांगतात, तिथे वाऱ्याचा प्रश्नच नसतो. तरी उदार होऊन अख्ख्या रस्त्यावर दहा फुटांवरची 39 टक्के बचत धरली, तर दोन लिटर, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. त्याच रस्त्याचा एकेरी टोलही त्यात निघत नाही. ट्रकच्या मागच्या जोडचाकांनी उडवलेल्या एका खड्याने काच तडकली, तर अशा कित्येक फेऱ्यांची कमाई एका क्षणात जाते. आणि खडा हा त्या जागेचा सर्वांत सौम्य प्रसाद आहे. रिमोल्ड केलेल्या टायरचा पट्टा सुटून येतो, दोरीने बांधलेला माल सुटतो, ब्रेकचा दिवा कित्येकदा जन्मापासूनच बंद असतो.

यावर रावांचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद असा: ‘एवढे धूड झटक्यात थांबत नाही. माझे ब्रेक त्याच्यापेक्षा चांगले. तो थांबेपर्यंत मी केव्हाच थांबलेलो असेन.’ यात अर्धे तथ्य आहे. ट्रकने साधा ब्रेक दाबला आणि राव सावध असले, तर बहुधा निभावेल. पण दोन तास सपाट दार न्याहाळणारा माणूस किती वेळ सावध राहील? शिवाय घात ट्रकच्या ब्रेकने होतो असेही नाही, बऱ्याचदा तो ट्रकच्या वळण्याने होतो. पुढे बंद पडलेला ट्रेलर दिसताच कंटेनरचा चालक उंचावरून लांबचे पाहून शेजारच्या लेनमध्ये सरकतो, आणि पडदा उघडावा तसा तो ट्रेलर रावांच्या पुढ्यात उभा राहतो. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जायला सेकंद-दीड सेकंद लागतो, त्यानंतर गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी 35 मीटर. एकूण साठेक मीटर हवेत आणि रावांकडे आहेत जेमतेम दहा-पंधरा. त्यातून धडक ट्रकच्या पाठीला. मोटारीचा पुढचा भाग चुरगळून आतल्यांना वाचवतो, पण त्यासाठी तो कशावर तरी आपटावा लागतो. ट्रकच्या मागे खाली आडवी संरक्षक दांडी असावी हा नियम त्याचसाठी आहे. ती वाकलेली, गंजलेली किंवा नसलेली असली, की बॉनेट ट्रकखाली सरकते आणि पहिली धडक काचेच्या उंचीवर बसते.

राव मग मोठे दाखले काढतात: सायकलच्या शर्यतीत एकमेकांच्या मागे राहूनच जिंकतात ना? जिंकतात. 1899 साली अमेरिकेत चार्ल्स मर्फी या सायकलपटूने आगगाडीच्या मागे राहून एक मैल 57.8 सेकंदांत कापला. पण त्यासाठी रुळांमध्ये फळ्यांची वाट घातली होती, डब्याला मागे आडोसा बांधला होता, आणि शेवटी त्याला उचलून डब्यात ओढून घ्यायला माणसे तयार उभी होती. मागे कोणीतरी आहे हे आगगाडीतल्या सर्वांना ठाऊक होते. कंटेनरच्या चालकाला राव दिसतसुद्धा नाहीत. इतक्या जवळची गाडी त्याच्या आरशात येतच नाही. मग राव युरोपातल्या ट्रकच्या ताफ्यांकडे वळतात. 2016 साली संगणकाने आणि बिनतारी संपर्काने एकमेकांशी जोडलेले ट्रक जवळजवळ ठेवून रॉटरडॅमपर्यंत नेले होते, हे खरेच. तिथे पुढच्याने ब्रेक लावताच मागच्याला डोळे, मेंदू, पाय या वळशाने जावे लागत नाही. तरी 2019 च्या सुरुवातीला डाइमलर या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने या कल्पनेतून अंग काढून घेतले. बचत अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि ताफा तुटल्यावर पुन्हा गाठायला वेग घेताना तीही आटली. यंत्राला जे परवडले नाही ते राव एका पायावर करू पाहतात.

मग वहीतले ॲव्हरेज खोटे का? मुळीच नाही. फक्त त्याचे बरेचसे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झाले आहे. राव एरवी ताशी शंभरने जातात. कंटेनरच्या मागे त्यांना निमूटपणे ऐंशीने जावे लागते. तेवढ्यानेच हवेचा अडथळा 36 टक्क्यांनी उतरतो. एकूण अडथळ्यात हवेचा वाटा निम्मा धरला तरी ढोबळ हिशेबाने 18 टक्के बचत झाली, म्हणजे ट्रकच्या मागे शंभर फुटांवर राहून मिळणाऱ्या 11 टक्क्यांपेक्षा जास्त. आणि ती मिळवायला पुढे ट्रक असावाच लागत नाही. डावीकडची लेन धरावी, पुढच्या वाहनापासून तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. ऐंशीच्या वेगाला ते 67 मीटर होते, म्हणजे थांबायला लागणाऱ्या साठ मीटरांपेक्षा थोडे अधिकच.

रावांना हे पटत नाही, आणि त्याचे कारण हवेच्या दाबाशी संबंधित नाही. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीने जाणाऱ्याला लोक म्हातारा समजतात. ट्रकच्या मागे ऐंशीने जाणारा स्वतःला शास्त्रज्ञ समजू शकतो. हळू जाण्यात युक्ती दिसत नाही, आणि युक्तीशिवाय झालेली बचत चारचौघांत सांगता येत नाही. म्हणून लोकांनी रावांना कंजूष म्हणावे हे बरोबर नाही. ते पुरेसे कंजूष नाहीत, हीच तक्रार आहे. दोनशे रुपयांसाठी जो माणूस स्वतःचे अडीच सेकंद उधळून टाकतो, त्याला काटकसर अजून शिकायची आहे.