मोडीतून मांडवात

मेहकर म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकर आठवतं. ते गाव मोठं, तालुक्याचं, आणि तिथं जमिनीतून शारंगधर बालाजीची भलीथोरली मूर्ती निघालेली. आमचं मेहकर कर्नाटकात, बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातलं. इथं जमिनीतून फक्त दगड निघतात. पण अलीकडं आमच्याकडंही उत्खनन जोरात सुरू आहे, आणि ते घरोघरच्या माळ्यावर. लग्न ठरलं की आधी शिडी लागते. पूर्वी नवरीचा मामा पत्रिका वाटायला निघायचा. आता तो डोक्याला टॉवेल गुंडाळून माळ्यावर चढतो आणि जाळ्याजळमटांतून ओरडतो, "घंगाळ हाय, पण एक कडी तुटलीया!"

खालून नवरी विचारते, "हिरवं पडलंय का?"

"पार हिरवं झालंय!"

"मग तसंच आणा. पुसू नका."

"पुसून आण" ही आमच्या घराण्याची पिढीजात आज्ञा. ती माझ्या पुतणीच्या लग्नात रद्द झाली, कारण लग्न विंटेज करायचं ठरलं होतं. सीमेवरचं लग्न तसंही एका गावात मावत नाही. बस्ता उदगीरचा, मंडप भालकीचा, फोटोवाला बीदरचा. या वेळी हैदराबादची एक डेकोरेशनवाली ताई वाढली. तिनं ढेळजेत पाऊल टाकलं, कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पाहिलं आणि तिचा कंठ दाटून आला. त्या रात्री कोंबड्या उघड्यावर होत्या आणि डालग्यात बल्ब होता.

मग एकेका वस्तूला बढती मिळत गेली. शिवणयंत्राचं यंत्र गेलं होतं, पायटा शिल्लक होता. त्यावर केक बसला. आजोबांची पत्र्याची ट्रंक आहेराची पाकिटं गोळा करायला दाराशी आली. ज्या रेडिओसाठी आजोबा दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरत, त्याच्या पोटात झेंडूची फुलं खोवली. गोठ्यातला कंदील तर थेट वधूवरांच्या शेजारी गेला. तो होता ओगल्यांचा प्रभाकर कंदील. कराडजवळच्या ओगलेवाडीत, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळावर, १९१६ साली सुरू झालेल्या काच कारखान्याचं हे अपत्य एके काळी घराघरांत होतं. आमच्या कंदिलाच्या उजेडात म्हशी व्यायल्या, विंचू मारले गेले, भाऊबंदांच्या वाटण्या झाल्या. आता त्यात बॅटरीवर लुकलुकणारी मेणबत्ती ठेवली. घासलेटाचा वास तेवढा जात नव्हता. डेकोरेशनवाली ताई म्हणाली, "असू दे, ओरिजिनल वाटतो."

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वस्तू नुसती जुनी होऊन भागत नाही. तिच्यातले कष्ट निघून जावे लागतात. जोवर ती वापरणाऱ्याच्या पाठीत कळ आणते, तोवर ती अडगळ असते. कळ थांबली की ती शोभा होते. म्हणूनच शोभा पाहणारे वेगळे आणि कळ सोसलेले वेगळे, हे फोटोत हटकून दिसतं.

जात्याचंच घ्या. हळदीच्या फोटोसाठी अंगणात जातं मांडलं. भोवती फुलांची रांगोळी, शेजारी सुपात गहू. नवरीनं खुंट्याला दोन बोटं लावली आणि मान तिरकी करून हसली. फोटोवाला म्हणाला, "आज्जीला बोलवा, तीन पिढ्या घेऊ." आमची आई पंच्याऐंशीची. ती काठी टेकत आली, जात्याकडं बघितलं आणि म्हणाली, "खुट्टा आसा धरतेत व्हय? आन् हसलालीस कशाला? दळताना कुणाला हसू येतंय?" मग तिनं सांगायला सुरुवात केली. कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, घरच्या आणि गड्यांच्या भाकरीपुरती ज्वारी दळायची, मग पाणी, मग शेण. फोटोवाला कॅमेरा धरून थांबला होता. त्याला आज्जीच्या चेहऱ्यावर प्रसन्न आठवण हवी होती. ती शेवटपर्यंत आली नाही.

त्या कष्टांवर बायकांनी एकच इलाज काढला होता, तो म्हणजे गाणं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासर आहे, माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे. "जातं किती छान दिसतं" असं मात्र त्या बायकांपैकी कुणाला वाटलं असेल, यावर माझा विश्वास नाही. आमच्या मांडवात जात्यामागं स्पीकरवर सनई लावली होती. जातं फिरत नव्हतं, म्हणून ती ऐकू तरी आली.

पितळेची कथा याहून मासलेवाईक. हंडे, कळशा, पातेली, बंब हे सगळं आमच्या घरात होतं. पण पितळेला कल्हई लागते. ती उडाली की ताक कळकतं, आमटी हिरवी होते. कल्हईवाला वाटेल तेव्हा येणार आणि आला की घासाघीस करणार. मग स्टेनलेस स्टील आलं. कल्हई नको, चिंच नको, राख नको. गावोगावच्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पितळ तराजूत घातलं. आमच्या घरचे दोन हंडे असेच मोडीत गेले, त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे आले, आणि ते डबे बघायला गल्ली लोटली होती म्हणे. आता तेच पितळ शहरातून दिवसाच्या भाड्यानं परत येतं. मोडीत किलोवर मोजलं जायचं, मांडवात नगावर मोजलं जातं. एका दिवसाचं भाडं ऐकून आई म्हणाली, "येवढ्यात आमच्या टायमाला नवा हंडा आला आसता, कळशीसगट."

भाड्याच्या भांड्यांना आणखी एक खोड असते. पूर्वी भांडं आहेरात द्यायचं तर त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव ठोकून घ्यायचे: कुणाकडून, कुणाला, कोणत्या तिथीला. डेकोरेशनवाल्या ताईनं हंडे नेमके नावाची बाजू पुढं करून मांडले, कारण तिला ती नक्षी वाटली. त्यामुळं आमच्या पुतणीच्या स्टेजवर बार्शीच्या कुणा भाऊजींनी कुणा वहिनींना दिलेली सप्रेम भेट मधोमध झळकत होती. गावातल्या बायका आशीर्वाद द्यायला वर यायच्या, अक्षता टाकायच्या आणि वाकून नाव वाचायच्या. जेवणाच्या पंगतीत एकच चर्चा: हे बार्शीचे कोण? नवऱ्याकडच्यांना वाटलं, आमचे बडे पाहुणे. आमच्याकडच्यांना वाटलं, त्यांचे. अल्बममध्ये ते भाऊजी सख्ख्या काकांपेक्षा जास्त वेळा आलेत. मला कुठं तरी कोपऱ्यात अर्धा घेतलाय.

तसं पाहिलं तर वस्तू मांडून दाखवायची हौस आपल्याला शहरानं शिकवलेली नाही. आमचं रुखवत दुसरं काय होतं? शेवयांची वेणी, साखरेची तुळस, मण्यांचा मोर, करंज्यांचं तोरण. फरक एवढाच की रुखवतातली वस्तू नवरीकडच्यांच्या हातची असायची आणि लग्नानंतर नवरीच्या सासरी जायची. आता मांडलेली प्रत्येक वस्तू संध्याकाळी टेम्पोत चढते. रात्री बारा वाजता टेम्पोवाला याद्या तपासत होता: "कळशी सात, एक कमी हाय." ती कळशी न्हाणीत सापडली. आईनं ती भरून ठेवली होती. मांडवातल्या सगळ्या भांड्यांत त्या दिवशी पाणी भरलेलं ते एकच.

दारं-खांबांची तऱ्हा वेगळी, आणि तिच्यात हसण्यासारखं कमी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हा सगळा सीमाभाग हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद हे घर उन्हाळ्यात थंडगार, पण त्या पहाटे अशाच घरांनी हजारोंचे जीव घेतले. त्यानंतर वाड्यात झोपायची लोकांना धास्ती बसली. कुणी पत्रे घातले, कुणी सिमेंटचं बांधलं. माळवदाखालची सागवानी तुळई, नक्षीचे खांब, पितळी कड्यांची दारं आमच्या भागात मिळेल त्या भावानं गेली. पुढं एखाद्या शहरातल्या बंगल्यात अशा दाराला काच लावून त्याचं टेबल होतं, आणि पाहुणे त्याच्यावर चहाचे कप ठेवून "केवढं मजबूत लाकूड" म्हणतात. मजबूत होतंच. म्हणून तर भिंती पडल्या आणि चौकट उभी राहिली.

आता आमच्या स्टेजची खरी शान सांगतो. ट्रंकेच्या तळाशी पिवळे पडलेले उर्दू कागद निघाले. १९४८ पर्यंत आमच्यावर निजामाचा अंमल, कारभार सगळा उर्दूत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा तिकडं गेले आणि भालकी इकडं आली. मग मुलांना कानडी आलं, मराठी घरात राहिली आणि उर्दू ट्रंकेत गेली. ती वळणदार लिपी पाहून डेकोरेशनवाली ताई खूश झाली. "शायरी!" म्हणाली. सर्वांत मोठा कागद सोनेरी चौकटीत घालून वधूवरांच्या खुर्च्यांमागं टांगला, भोवती मोगरा. शेजारचे तात्या निजामाच्या शाळेत शिकलेले, नव्वदी ओलांडलेली. आहेर द्यायला वर आले, चष्मा पुसला आणि नवरा-नवरीला सोडून मागचा कागद वाचू लागले. रांग खोळंबली. शेवटी ते वळून नवऱ्याच्या वडलांना गंभीरपणे म्हणाले, "सारा थकलाय. मुदतीत भरला न्हाई तर जप्ती येणार म्हून लिव्हलंय." सोयरे घाबरले. ती नोटीस आमच्या पणजोबांच्या काळातली आहे, हे पटवून देईपर्यंत आइस्क्रीम वितळलं.

फोटोंचा दुसरा भाग बीदरजवळ, अष्टूरला. तिथं बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला आणणारा अहमदशाह वली तिथंच निजला आहे, आणि त्याच्या घुमटाच्या आत केलेलं रंगकाम आजही डोळे दिपवतं. दगड, कमानी, मावळतीचा उजेड, सगळं देखणं. त्यामुळं सात जन्मांच्या आणाभाका कबरस्तानात घ्यायची रीत इकडं पडली आहे. जोडीला एक जुनी येझदी होती. म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या या गाडीचा आवाज पूर्वी शिवारापलीकडून ओळखू यायचा. फोटोतली येझदी मात्र अबोल होती. तिला आम्ही मेव्हण्या-मेव्हण्यांनी ढकललं. चित्रात नवरा वाऱ्यावर स्वार दिसतो. चौकटीबाहेर आम्ही धापा टाकतोय.

एवढं सगळं धुंडाळणाऱ्यांना घरातली खरी मोलाची वस्तू मात्र दिसली नाही. देवळीत एक बिदरी फुलदाणी होती. जस्त आणि थोडं तांबं यांचा ओतीव घाट, त्यावर खोदून ठोकलेली चांदीची तार, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात उकळून आणलेला तो गडद काळा रंग. हे काम १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं गेलं होतं. २००६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२३ साली बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. डेकोरेशनवाल्या ताईला ती "फार डार्क" वाटली. आमच्या एका उत्साही मावशींनी लगेच चिंच आणि राख घेऊन ती उजळायला घेतली. तासाभरात काळा रंग निघाला, करडं जस्त वर आलं आणि चांदी त्यात हरवली. म्हणजे जे हिरवं होतं ते पुसायचं नव्हतं, आणि जे काळं होतं ते पुसून झालं.

यावर एक शहाणे पाहुणे म्हणाले, जपून राहा, जुन्या वस्तूंचा कायदा आहे. तो आहेच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते, आणि महत्त्वाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशा वस्तूचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाही. हे ऐकून आई म्हणाली, "मला पंधरा वर्षं कमी पडलालेत, तवर कुठं बी पाठवा."

जुन्या वस्तू गोळा करण्याचं वेड काही वाईट नाही. पुण्याचे दिनकर केळकर १९२० च्या सुमारास या नादाला लागले आणि दिवे, अडकित्ते, वज्र्या, भांडी जमवत जन्मभर हिंडले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९६२ साली तो ठेवा सरकारच्या हवाली केला. तिथं अडकित्ता बघताना कुणाच्या तरी हाताची सवय दिसते. आमच्या मांडवात तो अडकित्ता नॅपकिन दाबायला होता. माझा आक्षेप सजावटीला नाहीच. सजावटीत वस्तू येते आणि तिचा माणूस टेम्पोत राहतो, त्याला आहे.

तेव्हा लग्नात हंडे मांडा, जातं मांडा, कंदील टांगा, त्यानं मांडव खरोखर सुंदर दिसतो. फक्त भाड्याचं आणण्याआधी स्वतःच्या माळ्यावर एकदा चढून बघा. लिपी येत नसेल तर चौकट करण्याआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्या. पितळेला चिंच चालते, बिदरीला नुसता तेलाचा बोळा फिरवा. आणि ज्या बाईनं ते जातं ओढलं ती घरात असेल, तर तिला फोटोसाठी हसायला सांगू नका. शेजारी पाट टाकून द्या, ती सांगेल ते ऐका, आणि मांडवात जातं नुसतं मांडण्याऐवजी तिच्या देखरेखीखाली पायलीभर दळून बघा. निम्म्यातच चक्कीवाल्याला फोन कराल.