बिनरंगी गुन्हा

ऑगस्ट २०१७मध्ये तळोजा एमआयडीसीत निळे कुत्रे फिरू लागले. फोटो जगभर गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळ खडबडून जागं झालं, रंगवाल्या कारखान्याला टाळं लागलं. तिथल्या कासाडी नदीत मासळी उरली नाही, ही कोळ्यांची ओरड त्याआधीची. पण ओरडणाऱ्यांची कातडी निळी पडली नव्हती ना!

थोडक्यात, प्रदूषणाने रंगीत असावं. अँटिबायोटिक्सच्या अंशांची पंचाईत तीच. सांडपाण्यात मिसळले की ना रंग, ना वास. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषध कारखान्यांचं पाणी प्रक्रिया करून सोडलं जाई. संशोधकांनी २००७मध्ये त्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन मोजलं. रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं!

सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालतंच मुळी जिवंत बॅक्टेरियांवर. त्यांना हवा द्यायची, खाऊ द्यायचा, वर औषधाचा डोस. म्हणजे वाशीतल्या कोचिंग क्लासची फुकट शाखाच. कच्चे गळतात, पक्के टिकतात आणि औषध पचवायच्या जनुकांच्या नोट्स परक्या जातीच्या बॅक्टेरियांनाही वाटतात. अशा औषधांना न दबणाऱ्या जंतूंनी २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले.

आपणही शाखेला हातभार लावतोच. एच-वन यादीतली अँटिबायोटिक्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, हा नियम २०१४पासून आहे. तरी काउंटरवर 'पाच दिवसांचं द्या' म्हणायचं, दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या गोळ्या संडासात.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. जानेवारी २०२०मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मसुदा काढला : औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात १२१ अँटिबायोटिक्स किती चालतील, याच्या मर्यादा. ऑगस्ट २०२१मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा त्या मर्यादा गायब. दीड वर्षात १२१ औषधं इतकी सफाईने गाळणारं यंत्र तळोज्याला मिळालं, तर कासाडीचं भलं होईल.

तोवर सांडपाण्याचा बीओडी तपासा, सीओडी तपासा, पीएच तपासा आणि शिक्का मारा : 'सर्व काही मर्यादेत.' खोटं कोण म्हणेल? जी मर्यादा घातलीच नाही, ती ओलांडणार तरी कोण!