मुख्यालयी राहणारी बाई

गडचिरोलीला बदली झाली की लोक "रुजू कधी होताय?" असं विचारत नाहीत. "राहणार कुठं, नागपूरला की चंद्रपूरला?" असं विचारतात. बदली गडचिरोलीला झाली म्हणून माणूस गडचिरोलीत राहील, ही शक्यता कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझं खातं कुठलं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढची बदली सिरोंच्याला होईल, आणि सिरोंचा गडचिरोलीहूनही दोनशे किलोमीटरच्या पलीकडे, प्राणहितेच्या काठावर. इंग्रजांच्या अमलात सिरोंचा हेच अपर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. तेव्हाचे कारकून तरी मुख्यालयी राहत असावेत. जाणार कुठं बिचारे?

पुण्यात असताना कोथरूडहून येरवड्याला जाणं हा मी प्रवास समजत असे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याबद्दल नवऱ्याकडून सहानुभूतीही वसूल करत असे. इथं रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात नागपूरवाले साहेब भेटले. एका बाजूचं अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात.

"रोज?" मी घाबरून विचारलं.

"रोज करायला मी काय वेडा आहे? सोमवारी येतो, शुक्रवारी जातो."

रोजचे वेडे वेगळे होते. चंद्रपूरवाले भाऊ ऐंशी किलोमीटरवरून येत, ब्रह्मपुरीवाले सर आरमोरीमार्गे साठेकवरून, वडसावाल्या मॅडम पन्नासेकवरून. आमच्याकडे आडनावं फक्त हजेरीपटावर, हाक गावाच्या नावानंच मारायची. पत्ता मात्र सगळ्यांचा कागदोपत्री एकच, गडचिरोली. सरकारी नोकरानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे आणि घरभाडे भत्त्याचा जीव त्या नियमात अडकलेला आहे. खेड्यातल्या गुरुजींकडे तर ते गावातच राहतात असा ग्रामसभेचा ठराव मागतात. आम्हाला निदान स्वतःच स्वतःबद्दल लिहून देता येतं. 2011च्या जनगणनेत गडचिरोली शहराची लोकसंख्या 54 हजारांच्या आसपास होती. कागदावर इथं राहणारे सगळे एका रात्री खरोखरच राहायला आले, तर सकाळी नगरपरिषदेची महानगरपालिका करावी लागेल.

तसं पाहिलं तर यात कुणाचाच दोष नाही. हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी. कर्मचारी अजून वेगळे व्हायचे आहेत.

घर कुठं घ्यावं याबद्दल सल्ला मागावा लागला नाही, तो चहाबरोबरच यायचा. नागपूरवाल्या साहेबांच्या मते शिक्षण, दवाखाने, विमानतळ, मेट्रो, सगळं नागपुरात. ती मेट्रो वर्धा रोडवर खापरीला संपते आणि गडचिरोलीचा रस्ता उमरेडकडून निघतो, हे त्यांना मी सांगितलं नाही. वरिष्ठ आहेत. ब्रह्मपुरीवाल्या सरांचं म्हणणं, ब्रह्मपुरी हे विद्येचं माहेरघर, हवा चांगली, डॉक्टर भरपूर, आणि उद्या ब्रह्मपुरी जिल्हा झाला म्हणजे प्लॉटचे भाव बघा. हा 'उद्या' ते नोकरीला लागल्यापासून येतो आहे.

वडसावाल्या मॅडमचा मुद्दा जरा वजनदार होता. जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, ते वडशाला. सरकारी कागदात देसाईगंज म्हणतात, पण फलाटावर उतरणारा माणूस वडशालाच उतरतो. शिवाय झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं तिथं. दिवाळी झाली की हंगाम सुरू, गावोगाव शंकरपट, मंडई, आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. "एकही चुकवत नाही मी," मॅडम अभिमानानं सांगतात. त्या हंगामात दुपारी जेवणानंतर त्यांच्या टेबलाजवळून आम्ही चपला हातात घेऊन जातो. वडसा ते गडचिरोली रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. तो झाला की घरून निघाले न निघाले तोच ऑफिसात, असं त्यांचं गणित. निवृत्तीही आता फार लांब नाही. शर्यत अटीतटीची आहे.

राहिलं चंद्रपूर. चंद्रपुरात घर बघायचं तर आधी परकोटाच्या आत की बाहेर हे ठरवावं लागतं. गोंडराजांनी शत्रूचे हत्ती अडवायला बांधलेला जटपुरा गेट आता ऑटो आणि स्कुट्या अडवतो, आणि त्याची कामगिरी अजून उत्तम आहे. बाहेर तुकूमकडे जावं तर पुढे दुर्गापूर, ऊर्जानगर, आणि 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. वीज सगळ्या महाराष्ट्राला जाते, राख शेजारधर्म म्हणून जवळ राहते. नात्यातल्या एका काकूंकडे मी सुरुवातीला तिथं मुक्काम केला. त्या सकाळी गच्चीवरची दोरी ओल्या फडक्यानं पुसत, मग कपडे वाळत घालत, दुपारी कपडे काढताना पुन्हा झटकत आणि घडी करताना तिसऱ्यांदा. "पांढरं घ्यायचंच नाही जी इकडे," एवढाच त्यांचा सल्ला. मेमध्ये पारा 47-48 पर्यंत जातो, तेव्हा घरातल्या माणसांआधी कूलर पाणी पितो. त्याला एक टाकी संध्याकाळी लागते आणि एक रात्री दोनला. रात्री दोनला उठायची पाळी कुणाची, यावरून त्या घरात जे वाद होतात ते मी इस्टेटीवरूनही होताना पाहिले नाहीत.

चंद्रपूरच्या बाजूनं आणखी एक मुद्दा होता, पण तो चारचौघात कुणी मांडत नसे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 साली झाली आणि 2021 साली उठली. ती उठल्यावर आमच्या काही सहकाऱ्यांना चंद्रपूरची हवा एकाएकी मानवू लागली. मुलांच्या शाळा, आईचं औषधपाणी, कारणं सगळी कौटुंबिकच. वैनगंगेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, आणि संध्याकाळच्या गाडीत पुलावर काही चेहरे कसे खुलतात ते मी स्वतः पाहिलं आहे.

काकूंकडून ये-जा करताना चंद्रपूर-गडचिरोली एसटीत जे पाहिलं ते मात्र पुण्यात जन्मभर दिसलं नसतं. पहाटेच्या गाडीला अप-डाऊनवाल्यांच्या जागा ठरलेल्या. कागदावर नव्हे, रुमालानं. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, डबा, एकदा तर एक चप्पल आत पडलेली मी पाहिली, आणि त्या चपलेचा मान सगळ्यांनी राखला. मी भाबडेपणानं तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसले. एक ताई शांतपणे जवळ येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम नवीन आहेत." मी उठले. चिचपल्ली येईस्तोवर अर्धी गाडी झोपलेली, मूलला चहासाठी जागी, सावलीला गुरुजी लोक उतरले की जागांची फेरवाटणी. दोन बाया मांडीवर वर्तमानपत्र पसरून सांभार निवडत होत्या. व्याहाडपर्यंत जुडी संपवायची असा त्यांचा नेम. पूल लागला की वर्तमानपत्राची गुंडाळी, ओठांवर लिपस्टिक, आणि गडचिरोलीच्या स्टँडवर उतरतात त्या थेट शासन.

शिवाय 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे आमच्या घरातलं गणित सोपं झालं. "रोज जायचं तर तूच जा, तू निम्म्यात पडतेस," असं नवरा म्हणाला. तो घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो आणि गावाची किंमत नेटच्या वेगावरून ठरवतो.

आणि उशीर झाला तर? पुण्यात "ट्रॅफिक होतं" म्हटलं की साहेब नुसते चष्म्यावरून बघायचे. इथं "लोहाऱ्याच्या जंगलात वाघ रस्त्यावर बसला होता" असं सांगितलं की पुढचा प्रश्नच येत नाही. खोटं म्हणावं तर तिथं वाघ खरोखर असतात, आणि खरं म्हणावं तर ते नेमके सोमवारीच का बसतात ते कळत नाही. अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं दुचाकी घालू नये हे मात्र सगळे गंभीरपणे सांगतात, आणि त्यात चेष्टा नसते.

निर्णय सासूबाईंनी दिला. सगळ्या गावांची गुणवर्णनं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यांच्यापैकी गरम पोळी कोण खातं?" कुणीच नाही. नागपूरवाले साहेब आठवड्यातून दोन दिवस खातात, पण तेव्हा त्यांच्या घरी पावभाजी असते. "मग नोकरी गडचिरोलीत आणि घर गडचिरोलीत. त्यात विचार करायचा काय?"

चामोर्शी रोडच्या बाजूला घर बघायला गेलो. घरमालकांनी दार उघडलं.

"सर्व्हिसवाल्या का जी?"

"हो."

"मंग राहता कुठी?"

"इथं. म्हणून तर घर बघतेय."

"तसं नाही. रायता कुठी?"

मी पुन्हा इथंच म्हटलं. ते थोडा वेळ माझ्याकडे, मग सासूबाईंकडे, मग नवऱ्याच्या हातातल्या राउटरकडे बघत राहिले. आधीच्या भाडेकरूंनी म्हणे खोली फक्त पत्त्यासाठी घेतली होती. भाडं पहिल्या तारखेला, पाण्याचा खर्च नाही, लाइट बिल नावापुरतं, भिंतीला एक खिळासुद्धा नाही. असा भाडेकरू मिळायला भाग्य लागतं. घरमालकांनी सुस्कारा टाकला. "खरंच रायणार असान, तर हजार रुपये जास्ती पडतीन."

आता माझं ऑफिस पायी दहा मिनिटांवर. मला वाटलं होतं, वाचलेल्या वेळात मी वाचन करीन, मोहाच्या दिवसांत सकाळी जंगलाच्या कडेनं फिरून येईन. पण ऑफिसला मुख्यालयी राहणारं माणूस प्रथमच सापडलं होतं. किल्ल्या माझ्याकडे आल्या, कारण "तुम्ही इथंच असता ना." पंधरा ऑगस्टच्या झेंड्याची दोरी सकाळी तपासायची मी. मुंबईहून रात्री अर्जंट माहिती मागितली, मी. चंद्रपूरवाल्या भाऊंचं कुरिअर, वडसावाल्या मॅडमची शिवायला टाकलेली ब्लाउजं, ब्रह्मपुरीवाल्या सरांचं हेल्मेट, सगळं माझ्या दिवाणखान्यात. सरकारनं 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि बदल्यात रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढवली. आमच्याकडे त्यातला पहिला भाग काटेकोर पाळतात. शुक्रवारी जेवणानंतर ऑफिसात मी, शिपाई आणि पंखा. शिपायाचं गाव धानोऱ्याकडे, शेवटची गाडी लवकर असते म्हणून तोही हळूच विचारतो, "मॅडम, तुमी हाव ना?"

मग तो जुलै आला. दोन दिवस धो धो पाऊस, वर गोसीखुर्दचे दरवाजे उघडलेले. त्या धरणाला 33 दरवाजे आहेत, आणि किती उघडले याच्या बातम्या इथं लोक क्रिकेटच्या धावसंख्येसारख्या ऐकतात. दुपारपर्यंत आरमोरी रोडवर पाल नदीचं पाणी आलं, म्हणजे ब्रह्मपुरी, वडसा, नागपूर एका फटक्यात बाद. "चंद्रपूरचा रस्ता कधी बंद होत नाही," असं भाऊ म्हणेपर्यंत तोही बंद झाला. सहा वाजता चौघंही माझ्याकडे बघत उभे होते. गाड्या पाण्यात घालण्यात अर्थ नव्हता, पायीच निघालो.

सासूबाईंनी तवा चढवला. गरम पोळ्या पानात पडत होत्या आणि चौघं खाली मान घालून जेवत होते. पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग पोटात गेल्यावर कंठ फुटला. सर म्हणाले, ब्रह्मपुरीला असतो तर लाइट गेली नसती. भाऊ म्हणाले, चंद्रपूरला इन्व्हर्टर घरोघरी आहेत. मॅडमनी रेल्वेचा विषय काढला. नवऱ्यानं नागपुरातल्या नेटचा वेग विचारला, तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. अंथरुणं घालून झाली तरी कोणतं गाव राहायला चांगलं हा वाद अंधारात चालूच होता. माझ्या फरशीवर झोपून.

सकाळी पाऊस उघडला होता, रस्ते बंदच होते. सगळे माझ्याबरोबर पायी निघालो. चौकाच्या अलीकडे नागपूरवाले साहेब थांबले, पँटच्या दुमडी नीट केल्या, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "मॅडम, घर तसं छान आहे. पण ऑफिसपासून जरा लांबच घेतलंत हो."