आमचा कुणाला त्रास नको

अमेरिकेतला मराठी माणूस निवृत्त झाला की एकतर मंडळाच्या कार्यकारिणीत जातो, नाहीतर मोटरहोम घेतो. कार्यकारिणीवाल्याची मुदत कधीतरी संपते. मोटरहोमवाला मात्र कुठल्या शनिवारी कुणाच्या दारात येऊन हॉर्न वाजवेल याचा नेम नसतो. तसा तो फोन करून येतो. फोनवरचं वाक्यही ठरलेलं असतं : "तुम्ही काही करू नका हं. आमचं सगळं आमच्याबरोबर असतं. आमचा कुणाला त्रास नको."

हे ऐकल्यावर जाणकार माणसं ताबडतोब गाड्या हलवून अंगण मोकळं करायला घेतात.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास हे काका भरपूर सापडतात. ऐंशीच्या दशकात शिकायला आले, नोकरीला लागले आणि तिथंच निवृत्त झाले. "खिशात आठ डॉलर घेऊन आलो" असं सांगतात. आठ डॉलर ही खरं तर त्यांच्या आधीच्या पिढीची गोष्ट. हे आले तेव्हा त्याहून बरंच जास्त परकीय चलन मिळत होतं. पण आकडा चांगला आहे म्हणून काकांनी तो ठेवून घेतलाय.

मुलगी लग्न होऊन कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला. विमानानं सहा तास. पण विमानात गुडघे आखडतात, असं काका म्हणतात. खरं कारण गुडघ्यांच्या बरंच वर आहे. लेकीच्या घरचं अन्न घेऊ नये, हा आजीचा नियम. नातवंडं झाली की तो सुटतो, हेही आजीच सांगून गेली होती. नातवंडं दोन झाली, संकोच काही सुटला नाही. पहाटे पाचला उठून जावयाच्या स्वयंपाकघरात चोरपावलांनी चहाचं भांडं शोधायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नाही. मग काकांनी इंजिनिअरचा तोडगा काढला : आपलं घर घेऊनच जायचं.

घर म्हणजे अठ्ठावीस फुटी 'क्लास सी'. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा, मागे पलंग, मध्ये दोन शेगड्या, आणि साबण लावायचा तर कोपर दाराबाहेर काढावं लागेल असं न्हाणीघर. गाडी विनेबेगो. आयोवात सुरू झालेली ही कंपनी १९६६ पासून मोटरहोम बनवते, हे ऐकून घेतल्याशिवाय पाहुण्याला आत पाऊल टाकता येत नाही. डॅशबोर्डवर गणपती. काचेवर चिठ्ठी : 'उंची ११ फूट ६ इंच'. काकू ती प्रत्येक पुलाआधी मोठ्यानं वाचून दाखवतात. खालून जहाज जाईल असा पूल असला तरी.

इंटरस्टेट ८० हा रस्ता न्यू जर्सीतल्या टीनेकला सुरू होऊन सॅन फ्रान्सिस्कोला संपतो. लांबी सुमारे २,९०० मैल, वाटेत अकरा राज्यं. विमानाचे सहा तास काकांनी तीन आठवडे पुरवले आणि एका संध्याकाळी फ्रीमॉन्टच्या त्या गल्लीच्या तोंडाशी पांढरा डोंगर दिसू लागला.

या जमातीचं आगमन पाहण्यासारखं असतं. मुलगी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. नातवंडं उड्या मारताहेत. काकू गाडीमागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणताहेत, काका आरशात बघून "अगं, बाजूला हो, तूच दिसतेयस" म्हणताहेत. गाडी थांबते. आता बाबा उतरतील, असं मुलीला वाटतं. बाबा उतरतात, पण हातात लेव्हल घेऊन. अंगणाला उतार आहे. गाडी समपातळीत नसेल तर आतला गॅसवरचा फ्रिज नीट चालत नाही, त्यामुळे पुढच्या चाकाखाली ठोकळे सरकवणं हे लेकीच्या गळ्यात पडण्याआधीचं काम आहे. एक ठोकळा, दोन ठोकळे, अर्धा इंच पुढे, पाव इंच मागे. तेवढ्यात कठड्यावर ठेवलेला भाकरतुकडा खारीनं नेला.

मग वायर. मोटरहोमला तीस अँपिअरचा प्लग असतो, घरच्या गॅरेजमधला सॉकेट पंधराचा. काकांकडे अडॅप्टर आहे. काकांकडे सगळ्याचं अडॅप्टर आहे. अडॅप्टरनं प्लग बसतो, वीज काही वाढत नाही. त्यांनी गाडीतला एसी लावला, आणि त्याच सर्किटवर जावयानं पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला जादा फ्रिज होता. ब्रेकर पडला. गॅरेजचं दार अर्ध्यावर अडकलं. जावई टॉर्च घेऊन धावला. "तुम्ही बसा हो, आमचा त्रास नको," काका अंधारातून म्हणाले.

रात्री जेवणं झाली, तीही मुलीनं गाडीत डबा नेऊन दिल्यावर. त्यानंतर प्रवासवर्णन. काका ते मैलांच्या क्रमानं सांगतात, त्यामुळे ओहायो चुकवून पुढे जाता येत नाही. आयोवात वॉलकॉटला 'आयोवा ८०' हा जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रकतळ आहे. तिथं न्हावी आहे, दंतवैद्यही आहे. काकांना काही होत नव्हतं, पण एवढी सोय बघून त्यांनी एक दाढ दाखवायचा गंभीर विचार केला होता. नेब्रास्कात हाच रस्ता साडेचारशे मैल बहुतेक सपाट जातो. नेब्रास्काबद्दल काका काहीच सांगत नाहीत. तिथं काकूंनी बोलून घेतलं होतं. वायोमिंगमध्ये वारा इतका की उंच, हलक्या गाड्यांना कधीकधी रस्ताच बंद करतात. चेयेन आणि लॅरामीच्या मध्ये ८,६४० फुटांवर या रस्त्याचा सर्वांत उंच माथा आहे, तिथं लिंकनच्या डोक्याचा भव्य पुतळा आहे. त्या पुतळ्याखालचा काकांचा फोटो मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाहिला होता. तिला तो पुन्हा दाखवण्यात आला, दोन बोटांनी मोठा करून.

हिशेबाचं प्रकरण वेगळं. वॉलमार्टच्या बऱ्याच दुकानांत व्यवस्थापकाला विचारून आवारात रात्र काढता येते, फुकट. कॅम्पग्राउंडचे पन्नास डॉलर वाचवल्याच्या आनंदात काकांनी आत जाऊन साठ डॉलरची खरेदी केली. बासष्टी गाठलेल्यांना राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत तो १० डॉलरला होता, मग ८० झाला. काकांना बासष्टावं लागलं ते त्यानंतर. आई-वडिलांवर त्यांचा राग आहे तो एवढाच.

पण या माणसाचं खरं परिवर्तन टाक्यांपाशी दिसतं. मोटरहोमला पाण्याच्या तीन टाक्या : एक स्वच्छ पाण्याची, एक आंघोळ-भांड्यांच्या करड्या पाण्याची आणि एक काळी, जिच्याबद्दल जेवताना बोलत नाहीत. काका बोलतात. काळी आधी सोडायची, करडी मागाहून, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो, हे त्यांनी जावयाला श्रीखंड वाढलं जात असताना समजावून सांगितलं. ज्या माणसानं पुण्यात स्वतःचं ताट कधी मोरीपर्यंत नेलं नाही, तो रबरी हातमोजे चढवून, गुडघ्यावर बसून जाड पाइप जोडतो आणि वर झडप उघडताना प्रसन्न दिसतो. काकू लांब उभ्या राहून हे बघतात. अमेरिकेनं आपल्याला काय दिलं, असं कुणी विचारलं तर त्या या दृश्याकडे बोट दाखवतात.

एवढं करून मुलीच्या अंगणात आल्यावर मात्र टाकी भरू नये म्हणून सगळ्या विधींसाठी घरातलंच न्हाणीघर वापरायचं. ते सकाळी पाच ते सहा. म्हणजे ज्या वेळी जावयाची झोप मोडू नये म्हणून एवढी गाडी घेतली, नेमक्या त्याच वेळी काका मागच्या दाराची कडी वाजवतात. आत वरच्या मजल्यावर नव्या चादरी घातलेली पाहुण्यांची खोली रिकामीच असते. नातवंडं मात्र माळ्यावर झोपायला गेली ती खाली यायला तयार नाहीत. घरात आता आई-वडील राहतात आणि बाकीचं कुटुंब अंगणात.

तिसऱ्या दिवशी वस्तीच्या असोसिएशनचं पत्र आलं. दारासमोर मोटरहोम अठ्ठेचाळीस तासांवर ठेवता येत नाही. असे नियम अमेरिकेतल्या असंख्य वस्त्यांना आहेत. काकांनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं, ठोकळे काढले, वायर गुंडाळली आणि तासाभराच्या अंतरावरच्या आरव्ही पार्कमध्ये जाऊन राहिले. रविवारी लेक, जावई, नातवंडं सगळी तिकडे गेली. काकांनी दाराबाहेर चटई अंथरली, काकूंनी दोन शेगड्यांवर पोहे आणि चहा केला, आणि काका जावयाला आग्रह करू लागले, "घ्या हो, लाजू नका. आपलंच घर आहे." एवढ्या प्रवासात ते पहिल्यांदाच पाय पसरून बसले होते.

सबंध खंड ओलांडून आलेल्या या माणसाला शेवटची वीस पावलं तेवढी जड जातात. वायोमिंगच्या वाऱ्याला न घाबरणारा हा माणूस लेकीच्या उंबऱ्यावर पाहुणा व्हायला घाबरतो. कुणाला त्रास नको या हट्टापायी तो जेवढा त्रास देतो, तेवढा साधा सुटकेस घेऊन आलेला पाहुणा महिनाभर राहूनही देऊ शकणार नाही.

तेव्हा तुमच्या दारात असे काका आले, तर "आत या ना" म्हणून खेचाखेच करू नका. पहिला चहा त्यांच्या गाडीत जाऊन, अंग चोरून बसून घ्या. मायलेज किती पडलं ते विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका. कुणाचा चहा फुकट ठेवायचा नाही हाही आजीचाच नियम आहे. रात्री ते काकूंना घेऊन तुमच्या टेबलावर जेवायला येतील. फक्त त्याआधी फ्रिजचा प्लग दुसऱ्या सर्किटवर लावून ठेवा.