घोडा पालखीत, स्वार विमानात

कामोठ्याहून सर्वांत जवळचा हिमालय म्हणजे मानसरोवर, हार्बर लाइनचं. तिथवर शेअर रिक्षा जाते. तरीही आमच्या सेक्टरमधल्या एका साहेबांनी 249 किलोची, वीस लाखांवरची टूरिंग मोटारसायकल घेतली. ती नद्या ओलांडते म्हणे. कामोठ्यात पावसाळ्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही, पण साहेबांच्या डोक्यात लडाख होतं.

आता निघायचं कसं? शेजारच्या कळंबोलीतून द्रुतगती महामार्ग सुरू होतो; साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, गुळगुळीत. त्यावर दुचाकीला बंदी. मुंबईकडे जायला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू आहे, त्यावरही बंदी. बैलगाडी, ट्रॅक्टर आणि साहेबांची बाराशे सीसी तिथे एकाच यादीत बसतात. मात्र हीच गाडी टेम्पोत घालून दोऱ्यांनी आवळली की ती टोल भरून दोन्हीकडून ऐटीत जाते. चाकं फिरली तर गुन्हा, बांधली तर माल! सरकारचा राग मोटारसायकलवर नाही, तिच्यावर बसणाऱ्यावर आहे.

म्हणून साहेबांनी तिला माल करायचं ठरवलं. रेल्वेच्या पार्सलात टाकायची तर टाकी कोरडी करा, गोणपाट गुंडाळा, वर पत्ता लिहा. पोचल्यावर अडीच क्विंटल ढकलत पेट्रोल पंप शोधायचा. याला साहसी पर्यटन म्हणत नाहीत, हा अन्यायच आहे. साहेबांनी ट्रक पसंत केला. आरसे काढले, बिल्टी फाडली, मग वाराईवरून घासाघीस सुरू झाली. गाडी घेताना शोरूममध्ये हूं की चूं न करणारा माणूस चार हमालांशी तासभर भांडला. ‘एवढी जड कशाला घेतली?’ असं त्यातल्या एकानं विचारलं. या मोसमात कुणी विचारलेला तो एकमेव तांत्रिक प्रश्न.

दक्षिणेला जायचं असतं तर आणखी बहार आली असती. कोकण रेल्वे 1999 पासून कोलाडहून भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेते. मोटारसायकल ट्रकवर, ट्रक रेल्वेवर. इतकी बडदास्त तिच्या मालकालाही मिळत नाही.

गुजरात, राजस्थान, हरियाणा असा सगळा उन्हाळा ड्रायव्हरनं कापला. साहेब विमानानं चंदीगडला उतरले, गाडीवर बसले आणि खारदुंग लाच्या पाटीपाशी फोटो काढून आले. त्या पाटीनं वर्षानुवर्षं उंची 18,380 फूट सांगितली. खरी भरते साडेसतरा हजारांच्या आसपास. पाटीला आठशे फूट माफ, मग साहेबांना दीड हजार किलोमीटर का नकोत? परतल्यावर गाडीवर ठळक स्टिकर चिकटलं: ‘कामोठे ते खारदुंग ला’. ट्रकच्या मागे मात्र ‘हॉर्न ओके प्लीज’ एवढंच. तो बिचारा चंदीगडपर्यंत खराखुरा गेला होता.

गणपतीत सोसायटीनं साहेबांचं अनुभवकथन ठेवलं. शाल झाली, श्रीफळ झालं. प्रश्नोत्तरांत सातारच्या एका आजोबांनी विचारलं, ‘राजस्थानात रस्ते कसे आहेत हो?’

साहेब क्षणभर थांबले. म्हणाले, ‘खाली ढग होते, नीट दिसलं नाही.’